ड्रायव्हरचं येणं बाकी

दारावर नाव एकच आहे : इलाही बाबालाल नदाफ, मिरज.
मालक तोच, चालकही तोच.
पेंटरनं मात्र दोन ओळींचे पैसे घेतले.

सांगलीच्या यार्डाबाहेर नंबर लावला तेव्हा
माझ्यापुढं अकरा गाड्या होत्या.
आज चौथा दिवस. पुढं अजून तीन.
उभ्या गाडीचा हप्ता तेवढा पळतो,
बिनडिझेलचा.

बुडाखाली अब्बांनी भरून दिलेली गादी.
पिंजणीची तार उतरवून माळ्यावर टाकली,
त्याआधीचं ते शेवटचं काम.
'कापूस बसतो,' म्हणाले होते, 'वर्षाला एकदा पिंजून घ्यायचा.'
कुणाकडून घेऊ?
नऊ वर्षांत बसलाय तो, बरोबर माझ्या मापाचा.

अकराच्या सुमारास मगदूम दलालांचा फोन :
'नदाफ, अमदाबादचा माल आहे. राजापुरी हळद.
पुढचे तिघं नको म्हणतात, तू घे.
पासिंग अठरा टनाचं, माहितेय. बावीस घाल.
वरच्या चार टनाचं भाडं रोख. बिल्टीवर येणार नाही.'

मालक तोंडातल्या तोंडात हो म्हणूनही गेला.
ड्रायव्हर खाली उतरला,
मागच्या डाव्या जोडीतल्या आतल्या टायरवर तळवा ठेवला.
दोनदा रिमोल्ड. कडेला केसाएवढी चीर.

'कात्रजचा बोगदा सुटला की खाली पुलापर्यंत जो उतार आहे ना,
तिथं तू काय करत असतोस?'
'हप्ता मोजत असतो,' मालक म्हणाला,
'पण असतो की तिथंच, तुझ्याच गादीवर.'
'असतोस. ब्रेकवर पाय माझा असतो.'
'आणि टायरला पैसे कुणाचे असतात?'

यावर ड्रायव्हरकडं उत्तर नव्हतं.
त्यानं नुसता तळवा उचलला नाही.

मौला, आमचा किन्नर, शमशादच्या बहिणीचा पोरगा,
चहाचा ग्लास धरून ऐकत उभा होता :
'खालू, फोन कधीच कट झालाय.'

अठराच भरले.
तीनशे पोती, हमालांच्या पाठीवरून एकेक.
फाळक्यावर, भुवयांत, स्टेअरिंगच्या खाचांत हळद.
लग्न एकदाच झालं,
हळद मात्र मला दर खेपेला लागते.
हमालांचा मुकादम हसला नाही.
त्याच्या बनियनचा रंग कुठला होता
हे त्यालाही आठवत नसावं.

काट्याची पावती खिशात घालून
जेवायला घरी.
शमशादनं वही उघडली.
डिझेल. टोल. हमाली. दलाली.
ताडपत्रीची दोरी, पासष्ट रुपये.
आणि अगदी कडेला, समासात दाटीवाटीनं
तिनंच आखलेला रकाना : ड्रायव्हर.
खेपेला बाराशे.
एकदाही दिले नाहीत. एकदाही लिहायची राहिली नाही.

चार टन का सोडले, विचारलं नाही तिनं.
वाटीत आमटी वाढता वाढता म्हणाली,
'एक लाख सदतीस हजार झालेत.
मालकाला सांगा,
माणूस जाईल एखाद दिवशी सोडून.'

'कुठं जाईल? दहा टायरी कोण देतंय त्याला?'

'तेच तर,' ती म्हणाली, आणि झाकण लावलं.

रात्री अडीचला स्टार्टर मारला.
आष्टा झोपलेलं, इस्लामपुरात एक कुत्रं जागं.
पेठ नाक्याला हायवे लागला तशी
मौलाची मान खिडकीवर आदळायला लागली.
गाडी बाजूला घेतली. दोन चहा सांगितले.

शर्टाच्या खिशातले पैसे मालकाचे.
ते तसेच ठेवून
पँटच्या खिशातून नोट काढली,
आणि मग कळेना, हा खिसा तरी कुणाचा.

चहा गरम होता. आलं जरा जास्तच.
मालक काही बोलला नाही.

घरी गेल्यावर शमशादला सांगितलं पाहिजे,
त्या रकान्यात लिही :
ड्रायव्हरला वीस रुपये पावले.